गादीवरची विद्या

मुंबईच्या किल्ल्यात विद्यापीठाच्या आवारात जो राजाबाई मनोरा आजही वाटसरूला वेळ सांगत उभा आहे, तो ज्या पैशातून उभारला गेला तो पैसा कापसाचा आणि शेअरांचा होता, ही गोष्ट त्या मनोऱ्याखालून पदवीचा झगा घालून गेलेल्या किती विद्यार्थ्यांच्या ध्यानात आली असेल कोण जाणे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या तेजीच्या ऐन भरात, म्हणजे १८६४ साली, प्रेमचंद रायचंद या दलालाने विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये व पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये देऊन मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव देण्याची इच्छा प्रकट केली. पुढच्याच वर्षी बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर कोसळले, १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी शहरातील मातब्बर असामी धुळीला मिळाल्या, आणि या व्यवहारात आकंठ गुंतलेली जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली मोडीत निघाली. परंतु विद्यापीठाकडे आलेली देणगी शाबूत राहिली आणि १८७८ च्या सुमारास मनोरा पुरा झाला. प्रेमचंद स्वतः एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले होते, आणि इंग्रजी वाचू-लिहू शकणारे पहिले देशी दलाल अशी त्यांची ख्याती होती. तरीही नवलाची गोष्ट अशी की, ज्या विद्यापीठाचे ग्रंथालय व्यापाराच्या पैशाने उभे राहिले, त्या विद्यापीठाने १८५७ साली स्थापना झाल्यापासून अर्धशतकाहून अधिक काळ व्यापार, पेढी आणि हिशेब या विषयांना पदवीच्या पंक्तीत पाट मांडला नाही. अर्थशास्त्र होते, परंतु ते बी. ए. च्या अभ्यासक्रमातील तात्त्विक अर्थशास्त्र. हुंडी कशी सकारावी किंवा ताळेबंद कसा वाचावा याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

याचे कारण विद्यापीठाच्या अनास्थेत शोधण्यापेक्षा त्या विद्येच्या स्वभावात शोधावे हे मला अधिक योग्य वाटते. पैशाची विद्या ही आपल्याकडे गादीवरची विद्या होती. सराफाचा मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की पेढीवर बापाच्या मागे बसे. प्रथम तो नाणी पारखायला शिके, मग रोजकीर्द लिहायला, मग खतावणी, आणि मिसरूड फुटेपर्यंत कोणत्या गावच्या कोणत्या घराची हुंडी डोळे मिटून सकारावी आणि कोणाची पाहताच परत फिरवावी, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असे. या विद्येचे बारकावे ग्रंथात नव्हते, पण ते फार सूक्ष्म होते. हुंडीवर रक्कम लिहिताना नुसती हजार रुपये अशी न लिहिता, पाचशे ही त्याची निमी आणि तिची दुप्पट पुरे हजार, अशा शब्दांनी ती बांधून टाकण्याचा जो शिरस्ता होता, त्यामुळे एखाद्याने शून्य वाढवले किंवा अंक खोडला तरी निमीचा शब्द त्याची चोरी उघडी पाडी. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी देय, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी देय. मूळ हुंडी हरवली तर पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ, अशी सारी व्यवस्था दोन अनोळखी गावांतील दोन ओळखीच्या माणसांच्या विश्वासावर शेकडो वर्षे चालली. परंतु या विश्वासाला जात होती, आडनाव होते आणि सोयरीक होती. गादीवर न जन्मलेल्या मुलाला ती विद्या शिकवणारा कोणी नव्हता.

मराठी ब्राह्मण-प्रभू घरांतील मुले या विद्येच्या दाराशी होती, पण बाहेरच्या बाजूला. त्यांच्याकडे दफ्तर होते. मुजुमदार, फडणीस, पोतनीस या हुद्द्यांनी राज्याची जमाबंदी आणि खर्च मोडी अक्षरांत सांभाळला होता; पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून घेतलेली मुले तोंडी हिशेबात कोणालाही हार जात नसत. पेशवाई गेली तेव्हा दफ्तर गेले, पण लेखणी राहिली, आणि ती लेखणी मामलेदार कचेरीत, रेल्वेत, पोस्टात आणि सावकारांच्या ओटीवर दिवाणजी म्हणून कामाला लागली. पैसा मोजणे एकाचे आणि पैसा असणे दुसऱ्याचे, ही विभागणी मराठी मुलखात अशी खोल रुजलेली होती, आणि पुढे वाणिज्य पदवीने तिचे काय केले हाच या लेखाचा खरा प्रश्न आहे.

सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स हे ऑक्टोबर १९१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला दिले होते. ते स्वतः त्याच वर्षी आधी अधिकारपद सोडून विलायतेला गेले होते. अमेरिकेत वॉर्टनची शाळा १८८१ सालची, इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या आरंभी वाणिज्याची शाखा काढली, त्या मानाने मुंबईला फार उशीर झाला असे म्हणता येत नाही. आशिया खंडात तर अशा प्रकारचे हे आद्य महाविद्यालय मानले जाते. पण ज्या महिन्यांत हे कॉलेज उघडले ते महिने आठवले म्हणजे मला या घटनेचे महत्त्व अधिकच वाटू लागते. स्वदेशीच्या चळवळीच्या उत्साहात देशी बँका भराभर निघाल्या होत्या. बँक ऑफ इंडिया १९०६ ची, बँक ऑफ बडोदा १९०८ ची, आणि सोराबजी पोचखानवाला यांनी सर फिरोजशहा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली काढलेली सेंट्रल बँक १९११ ची. परंतु १९१३ च्या सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि नोव्हेंबरात मुंबईच्या इंडियन स्पीशी बँकेने व्यवहार बंद केले, कारण ठेवीदारांचा पैसा तिच्या चालकांनी चांदीच्या सट्ट्यात गुंतवला होता. पुढील काही वर्षांत अनेक लहानमोठ्या बँका याच वाटेने गेल्या. म्हणजे एकीकडे कॉलेजात मुलांना बँकेचा धंदा शिकवण्यास आरंभ होत असता दुसरीकडे त्याच शहरात तो धंदा न शिकल्याचे फळ हजारो कुटुंबे भोगत होती. देशी माणसाला बँक चालवता येत नाही, असे इंग्रजी वर्तमानपत्रे म्हणत. त्याला खरे उत्तर भाषणांनी मिळणार नव्हते, ते शिकलेल्या माणसांच्या पिढीनेच मिळायचे होते.

कायद्यानेही त्याच वेळी एक नवी जागा निर्माण केली. १९१३ च्या इंडियन कंपनीज ॲक्टने कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्याकडे सरकारमान्य पात्रता असावी असे ठरवले, आणि त्या अनुरोधाने मुंबई सरकारने १९१८ मध्ये गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी, म्हणजे लोकांच्या तोंडचा जी. डी. ए., सुरू केला. त्यासाठी परीक्षेबरोबरच मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावी लागे. ही उमेदवारी बिनपगारी असे, आणि काही ठिकाणी तर उमेदवाराच्या बापालाच रक्कम भरावी लागे. म्हणजे परीक्षेचे दार सर्वांना खुले झाले तरी उंबरठ्यावर पैसा आणि ओळख पुन्हा उभी होतीच. तरीही ही पाऊलवाट वर्षावर्षाला रुंद होत गेली. १९३३ साली मद्रासच्या आर. शिवभोगम या महिलेने हा डिप्लोमा मिळवला आणि देशातील पहिली महिला हिशेबतपासनीस होण्याचा मान संपादला, ही गोष्ट त्या काळाकडे पाहता किती धीराची होती याची आज कल्पना करणेही कठीण आहे.

सिडनहॅमचे पहिले पूर्णवेळ प्राचार्य पर्सी ॲन्स्टी हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आले होते. १९२० साली मुंबईतच पटकीने त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी व्हेरा ॲन्स्टी यांनी पुढे हिंदुस्थानच्या आर्थिक प्रगतीवर लिहिलेला ग्रंथ कित्येक वर्षे आपल्याकडे अभ्यासला गेला. पुढे प्राचार्य झालेल्या एम. एल. तन्नन यांचे बँकिंग कायद्यावरील पुस्तक तर बँकेत नोकरी करणाऱ्या पिढ्यानपिढ्यांच्या उशाशी राहिले. परंतु या कॉलेजच्या इतिहासातील ज्या प्राध्यापकाविषयी मला थोडे थांबून लिहावेसे वाटते, ते नोव्हेंबर १९१८ मध्ये दरमहा साडेचारशे रुपये वेतनावर अर्थशास्त्र शिकवण्यास आलेले डॉ. भीमराव आंबेडकर.

कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते १९१७ साली परत आले, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर मुंबईत आले, आणि येथे त्यांनी शेअरबाजारात गुंतवणूक करणाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढी काढली. विद्या होती, आणि ती त्या काळी या शहरात दुसऱ्या क्वचितच कोणाजवळ असेल अशा दर्जाची होती. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच अशिले येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. गादीवरच्या विश्वासाला जात असते हे मी वर म्हटले. त्याचा इतका कठोर पुरावा दुसरा नाही. कॉलेजात आल्यावरही काही सहाध्यापकांनी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये असा आक्षेप घेतला. वर्गात मात्र निराळे घडले. आरंभी या नव्या प्राध्यापकाकडे दुर्लक्ष करणारे विद्यार्थी हळूहळू कान देऊन ऐकू लागले, आणि पुढे इतर महाविद्यालयांतील मुलेही त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी येऊन बसू लागली. वर्गाचे बाक आणि पेढीची गादी यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते: बाकावर बसणाऱ्याला बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकल्यावाचून गत्यंतर नसते, आणि एकदा ते ऐकले की त्याचे मोल नाकारणे कठीण होते.

वेतनातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपयाचे मूल्य सोन्याशी विनिमयाच्या सरकारी कृतीने टांगून ठेवण्याच्या पद्धतीवर त्यात कठोर टीका होती, आणि चलन वाढवण्याची सत्ता सरकारच्या मर्जीवर राहिली तर महागाईचा भार अखेर गरिबावर पडतो, हा त्यातील विचार होता. हिंदी चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. याच आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. साक्षीच्याच सुमारास, १९२५ ते १९२८ या वर्षांत, आंबेडकर मुंबईतील बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. रुपयाच्या मूल्याविषयी शाही आयोगाला सल्ला देणारा विद्वान उदरनिर्वाहासाठी हिशेबनिसांच्या वर्गात विक्रीचा करार समजावून देत होता, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. त्या वर्गातील किती मुलांना आपल्यापुढे कोण उभे आहे हे कळले असेल?

पुण्याने निराळी वाट धरली. फर्ग्युसन कॉलेजातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे हे मराठीत अर्थविषयक लेखन सातत्याने करत आले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ सप्टेंबर १९३५ रोजी दहा लक्ष रुपयांच्या अधिकृत भांडवलाची बँक ऑफ महाराष्ट्र नोंदवली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी तिचे व्यवहार सुरू झाले. प्राध्यापकाने बँक काढावी, आणि ती मध्यमवर्गीय गुंतवणूकदारांच्या लहान लहान रकमांवर उभी राहावी, हे मुंबईच्या शेटजींच्या परंपरेत बसणारे नव्हते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय काढले तेव्हा पुण्यातील मुलाला बी. कॉम. साठी मुंबईची खोली भाड्याने घेण्याचे कारण उरले नाही. माटुंग्याचे पोदार कॉलेज त्याआधी दोन वर्षे निघाले होते. त्याच १९४३ च्या ऑगस्टात चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, हा महाराष्ट्राला अभिमानाचा क्षण होता, परंतु ते केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञान शिकून आय. सी. एस. च्या वाटेने आले होते. वाणिज्य पदवीधर तोपर्यंत बँकांच्या वरच्या मजल्यावर क्वचितच दिसत; त्यांची जागा खालच्या मजल्यावर, जाळीच्या मागे होती.

त्या जाळीमागची एक व्यक्ती मी फार जवळून पाहिली. माझे थोरले चुलते सिडनहॅमचे बी. कॉम. आमचे आजोबा वाईकडे एका सावकाराचे दिवाणजी होते, त्यामुळे काकांनी वर्गात जे इंग्रजी शब्द ऐकले त्यांतील कित्येकांशी त्यांची ओळख जुनी होती. डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, आणि बॅलन्सशीट म्हणजे ताळेबंद. हे सारे शब्द त्यांच्या बालपणी ओटीवर रोज उच्चारले जात. ते सांगत की पहिल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या रात्री दुहेरी नोंदणीचा एक नियम काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी तो मराठीत, आजोबांच्या आवाजात, स्वतःला म्हणून दाखवला आणि गाठ सुटली. पदवीनंतर काही महिने घरी बसावे लागले, कारण ती मंदीची वर्षे होती. मग एका बँकेत कारकून म्हणून लागले, नोकरी सांभाळून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सच्या परीक्षा दिल्या, आणि निवृत्तीपर्यंत हिशेबखात्यातच राहिले.

त्या काळी बँकांचे हिशेब ३० जून आणि ३१ डिसेंबर असे वर्षातून दोनदा बंद होत. गिरगावातील आमच्या चाळीत ३१ डिसेंबरची रात्र ही माझ्यासाठी काकांना डबा पोहोचवण्याची रात्र असे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, अद्याप आणे-पैचे दिवस होते. बँकेचा मोठा दरवाजा बंद, बाजूच्या लहान दाराने पहारेकरी आत सोडी, आणि आत सगळीकडे दिवे लागलेले. बचत खात्यांच्या शेकडो शिलकांची बेरीज जनरल लेजरमधील एका रकमेशी जुळायला हवी, आणि ती जुळत नव्हती. एक तरुण कारकून रडकुंडीला आला होता. काकांनी फरक विचारला. सत्तावीस रुपये. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाळ, सत्तावीसाला नवाने भाग जातो. कुठेतरी आकडे उलटे पडलेत. शेवटच्या दोन अंकांत तीनचा फरक असलेली रक्कम शोध." अर्ध्या तासाने ती सापडली: त्रेसष्टच्या जागी छत्तीस उतरले होते. तो मुलगा काकांच्या पाया पडू लागला तेव्हा काकांनी त्याचे हात धरले आणि माझ्या डब्यातली पोळीभाजी त्याच्यापुढे केली. पंतोजीच्या शाळेत ताळा करताना याच नवाच्या गुणधर्माचा आधार घेत, हे मला पुष्कळ पुढे कळले.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास अधिक परिचित आहे. १९४९ च्या कायद्याने जी. डी. ए. आणि त्यामागून आलेले रजिस्टर्ड अकौंटंट हे चार्टर्ड अकौंटंट झाले, आणि त्यांच्या संस्थेने, सारे निजलेले असता जो जागा असतो त्याच्याविषयीचे कठोपनिषदातील वचन आपल्या चिन्हावर घेतले. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९ जुलै १९६९ रोजी बँक ऑफ महाराष्ट्रासह चौदा बँकांचे. त्यानंतर तालुक्याच्या गावी शाखा निघाल्या, आणि साताऱ्या-सोलापूरच्या, परभणी-नांदेडच्या कॉलेजांतून बी. कॉम. होऊन निघालेली, ज्यांच्या घराण्यात कोणी कधी पेढीची पायरी चढले नव्हते अशी मुलेमुली जाळीच्या पलीकडे बसू लागली. मराठी माणूस दुसऱ्याचा पैसा मोजत राहिला, भांडवल त्याच्या हाती आले नाही, ही तक्रार आपण वारंवार ऐकतो आणि तिच्यात तथ्य आहे. परंतु १९१३ साली ज्या ठेवीदारांचा पैसा चांदीत बुडाला त्यांना विचारले असते तर त्यांनी दुसऱ्याचा पैसा इमानाने मोजणारा माणूसच मागितला असता, आणि असा माणूस तयार करण्याचे काम या पदवीने केले, जन्म न पाहता केले. आंबेडकरांच्या बंद पडलेल्या पेढीपासून त्या तालुक्याच्या शाखेपर्यंतचे अंतर मला भांडवलाच्या कोणत्याही आकड्याहून मोठे वाटते.

काकांच्या पश्चात त्यांची पुस्तके माझ्याकडे आली. तन्ननच्या पुस्तकाची त्यांची प्रत पुठ्ठ्यावरून सुटली आहे. आतील मजकूर इंग्रजी, पण समासात जागोजाग त्यांनी पेन्सिलीने टिपणे केली आहेत आणि ती सारी मोडीत आहेत. आजोबांनी शिकवलेल्या, मध्ये न थांबता धावत जाणाऱ्या अक्षरांत. हुंडीच्या प्रकरणाच्या समासात तर पाने भरून गेली आहेत. ती मला वाचता येत नाहीत. गेल्या श्रावणात एका जाणकारांकडे मोडी शिकण्यास मी सुरुवात केली असून, बाराखडी पुरी झाली आहे.